पल्याडच्या रानाचे तोरण

एका राज्यात दारे होती, पण ती लागत नसत. सागवानी असो की बाभळीचे, राजवाड्याचे असो की गोठ्याचे, दार ओढून घ्यावे, कडी घालावी, अडसर सरकवावा, की पाठ फिरायच्या आत ते आपले आपण उघडे. तीन पिढ्या हेच चालले होते. कुत्री थेट चुलीपर्यंत येत, वारा पोथीची पाने उलटवी, आणि नवराबायकोचे भांडण साऱ्या आळीला तोंडपाठ असे. लोकांनी सवय करून घेतली होती, कारण लोक कशाचीही सवय करून घेतात.

त्या राज्यात भागू सुतारीण राहत होती. वय पन्नाशीचे, हात खरखरीत, जीभ त्याहून. दारे घडवणे हा तिचा बापजाद्यांचा धंदा. जन्मभर तिने दारे केली आणि बंद राहिलेले दार एकदाही पाहिले नाही. नवे दार बसवले की ती ते लोटून क्षणभर श्वास रोखून उभी राही. दार उघडे. मग "असो" म्हणून रंधा-पटाशी झोळीत टाकून ती घरी जाई, पण वाटेत कुणाशी बोलत नसे. तिला फार लागत असे ते.

त्या वर्षी राजा भद्रसेनाला पहिली मुलगी झाली. पाळण्यावरून रात्रंदिवस वारा वाहू लागला, पोर शिंकू लागली आणि राजाचा धीर सुटला. तेव्हा धूम्रकेश मांत्रिक पुढे आला. उघड्या चौकटींना बांधायचे मंतरलेले दोरे विकून त्याने स्वतःसाठी तीन मजले चढवले होते.

"महाराज, उत्तरेला पल्याडचे रान आहे. तिथल्या माणसांपाशी सोन्याचे कुलूप आहे. ते आणा, दारे लागतील."

"ती माणसे देतील?"

"पाचशे कुऱ्हाडी न्या. विचारायचे कारण पडणार नाही."

पल्याडच्या माणसांना आताच्या लोकांपैकी कुणी पाहिले नव्हते. त्यांची भाषा कुणाला ठाऊक नव्हती, नावही नाही. तरी रोज सकाळी चोपदार राजाच्या बिरुदांत 'पल्याडच्या रानाचे स्वामी' असे खणखणीत ललकारत असे, आणि राजाला ते खरे वाटत असे.

भागू त्या वेळी पाळण्याच्या खोलीचे दार बसवत होती. चौकटच चुकली असेल तर कुलूप काय करणार, असे तिच्या मनात आले, आणि मनात आलेले तिच्या तोंडात थांबत नसे.

"महाराज, दाराचे दुखणे सुताराला विचारावे. मला एकवीस दिवस द्या."

"आणि नाही जमले तर?"

"तर तुमच्या पाचशे कुऱ्हाडींचे दांडे मी तासून देईन."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. शब्द राजापुढे दिलेला होता, परत घेता येत नव्हता. न पाहिलेल्या माणसांचे रान आता तिच्या हातांवर येऊन पडले.

विचार करता करता तिला एक गोष्ट आठवली. साऱ्या मुलखात एक दार लागत होते, धनेश पक्ष्याचे. अंडी घालायच्या दिवसांत त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, चिखलाने तोंड लिंपून घेते, आणि चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून तिला फळे भरवतो. ते दार महिनोन् महिने बंद राहते. भागू उत्तरेला चालू लागली. चौथ्या दिवशी रानाच्या अलीकडे एका जुन्या बेहड्याच्या झाडावर तिला तो मोठ्या पिवळ्या चोचीचा धनेश भेटला. तो बोलत असे. त्या काळी बरेच पक्षी बोलत.

"पक्षीराज, दार कसे बंद ठेवता, ते कसब मला शिकवा."

"शिकवीन. आधी तीन कामे."

"सांगा."

"आज दिवसभर मी बाहेर आहे. माझ्या बाईला उंबरे भरव. फटीतून आत पाहू नकोस."

काम सोपे वाटले, पण सुतारणीला ते जड गेले. चिखलाचा तो लेप कसा धरला आहे, आतून काय आधार दिला आहे, हे पाहण्यासाठी तिचे डोळे शिवशिवत होते. शेवटी तिने पदराने डोळे बांधले आणि चाचपडत एकेक उंबर फटीत दिले. चारदा बोटाला चोच लागली. सूर्य कलला तेव्हा धनेश परतला, पदर बांधलेली बाई त्याने पाहिली आणि तो खूश झाला.

"दुसरे काम. रानाच्या कडेने चाल. वाटेवर पानांची माळ बांधलेली दिसेल. ती काय म्हणते, ते मला येऊन सांग."

भागू गेली. दोन झाडांच्या मधे, छातीच्या उंचीवर, हिरव्या पानांची माळ ताणून बांधलेली होती. पाने ताजी होती. तिचा जीव हरखला. लगोलग ती परत आली.

"तोरण आहे, पक्षीराज. लग्नघरी बांधतो तसेच. या, आपलेच घर आहे, असे म्हणते."

"परत जा. नीट ऐक."

ती पुन्हा गेली. तोरणच तर आहे, असे पुटपुटत माळेखालून वाकून जायला तिने पाऊल उचलले. एक बाण आला आणि पावलापुढे वीतभर अंतरावर मातीत रुतला. ती थबकली. चुकून आला असेल म्हणून तिने दुसरे पाऊल उचलले. दुसरा बाण, तेवढ्याच अंतरावर. खात्री करून घेतल्याशिवाय लाकूड न कापणारी बाई ती. तिने तिसऱ्यांदा पाऊल उचलले, आणि तिसरा बाण पहिल्या दोन बाणांच्या ओळीत उभा राहिला. झाडीत कुणी दिसले नाही. भागू दोन पावले मागे सरली. चौथा बाण आला नाही.

इतकी नेमबाज माणसे, आणि तिन्ही वेळा त्यांनी तिला वाचवले होते. तिला त्या न दिसलेल्या माणसांविषयी एकदम माया वाटली, आणि आपल्या माणसांची शरम वाटली.

"ती 'नको' म्हणते," तिने धनेशाला सांगितले. "आम्ही पाने बांधतो ती 'या' म्हणायला. ते बांधतात ती 'येऊ नका' म्हणायला. ते त्यांचे लावलेले दार आहे."

"तुमच्या राजाच्या आजोबाला ते कळले नाही," धनेश म्हणाला. "तो ढोल वाजवत आला. तोरण पाहिले, स्वागत समजला, फौजेसह आत गेला. जाताना माळही तोडून नेली, भेट म्हणून. फौजेत ज्वर होता. तुमची माणसे त्यात चार दिवस खोकून बरी झाली. आतली निम्मी माणसे मेली. उरलेल्यांत एक म्हातारी होती. ती म्हणाली, ज्यांना लावलेले दार ओळखता येत नाही, त्यांचे दार लागायचे नाही."

"आणि सोन्याचे कुलूप?"

"मी इथेच जन्मलो. मी तरी पाहिले नाही."

तोडून नेलेली माळ कुठे आहे, हे भागूला धनेशाने सांगायची गरज नव्हती. राजवाड्याच्या महाद्वारावर एक तोरण होते, साठ वर्षे न सुकलेले. येणारेजाणारे त्याला हात लावून नमस्कार करत. भागूनेही कितीदा केला होता.

"तिसरे काम," धनेश म्हणाला, "तुला कळलेच आहे. पण ज्याच्या घराण्याने तोडली, त्याच्याच हाताने ती बांधली गेली पाहिजे."

"मग कसब कधी शिकवणार?"

"ते आत्ताच सांगतो. माझी चोच पाहिलीस? ती भिंत एका टोल्यात फुटेल. मी टोला मारत नाही. एवढेच कसब आहे."

एकविसाव्या दिवशी भागू दरबारात उभी राहिली. पाचशे कुऱ्हाडींची पाती अंगणात रचून ठेवली होती, दांड्यांची वाट पाहत. तिने जे पाहिले ते सांगितले, मधे न थांबता. दरबार हसला. आजोबांच्या स्वारीवर पोवाडा होता, तो सगळ्यांना पाठ होता. राजा मात्र हसला नाही. रानात किती मेले, हे त्याने दोनदा विचारले.

"आणि कुलूप?" शेवटी तो म्हणाला.

"नसेल तर प्रश्न मिटला. असेल तर ते त्यांच्या दाराचे आहे, महाराज. दुसऱ्याच्या दाराचे कुलूप काढून आणणाऱ्याला आपण काय म्हणतो?"

राजाने शिडी मागवली. स्वतः चढून त्याने महाद्वारावरचे तोरण उतरवले, आणि पायी उत्तरेला निघाला. सोबत भागू, दोन चोपदार, आणि नको म्हटले तरी धूम्रकेश.

भागूने पाहिलेल्या माळेच्या पुढे, दुसऱ्या दोन झाडांमधे एक मोकळी वाट होती; आजोबांची फौज तिथूनच आत गेली होती. साठ वर्षे तिथे काही बांधलेले नव्हते. राजा माळेचे एक टोक बांधू लागला तसा धूम्रकेश कानाशी लागला.

"महाराज, पाच पावले आत चला. इतके आलात. कोण पाहते आहे?"

राजाने गाठ मारली. धूम्रकेशाला राहवले नाही. तो स्वतःच आत शिरला. बाण आला, त्याची पगडी उडाली, आणि पगडीत खोचलेले मंतरलेले दोरे वाऱ्यावर सुटले. मांत्रिक जो पळाला तो दक्षिणेकडच्या कुठल्याशा राज्यात जाऊन थांबला, असे म्हणतात. राजाने दुसरी गाठ मारली.

त्याच क्षणी साऱ्या राज्यात दारे लागली. एकदम, धाडकन. म्हशी दचकल्या, म्हाताऱ्या रामराम म्हणू लागल्या. लागलेले दार उघडायचे कसे, हे कुणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे परतीच्या वाटेपासून पुढचे आठ दिवस भागू घरोघर जाऊन कडी वर करून ओढा, वर करून ओढा, असे बाहेरून ओरडत फिरली. इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. राजकन्येची शिंक थांबली.

राजाने दवंडी पिटवली की पल्याडचे रान पल्याडच्यांचे आहे. तिथे कुऱ्हाड जाणार नाही, वाट पडणार नाही, माळेच्या आत पाऊल पडणार नाही. बिरुदांतून ते एक बिरुद गळाले. आभार म्हणून राजाला पल्याडच्यांना वस्त्रे आणि गुळाच्या ढेपा पाठवायच्या होत्या. भागू म्हणाली, "वस्त्रांतून ज्वर जाईल, महाराज." राजाने भरलेल्या गाडीचे बैल सोडले, पण चेहरा उतरला. दिलेले कुणी नको म्हणावे, हे त्याला नवे होते.

भागूला तेवढीच काळजी राहिली. दवंडी काय, वाऱ्यावर जाते. राजाला बंद दाराशी थांबता येते का, हे कुणी पाहिले होते?

एका दुपारी तिच्या घराशी पालखी थांबली. चोपदाराने दार ठोठावले.

"कोण?"

"महाराज आले आहेत. तुझ्यासाठी सोन्याचे कडे आणले आहे. दार उघड."

भागू जेवून आडवी झाली होती. ती उठून बसली. तिची कडी बोटभर होती, खांद्याच्या धक्क्याने निघाली असती. राजाला नाही म्हणणाऱ्याचे काय होते, हे तिला चांगले ठाऊक होते. तिच्या तळव्यांना घाम आला. तरी ती म्हणाली,

"आत्ता नको."

चोपदाराने घाबरून राजाकडे पाहिले. राजा पालखीतून उतरला, दारापर्यंत आला, आणि उन्हात तसाच उभा राहिला. दाराच्या खालच्या फटीतून भागूला त्याच्या जोड्यांची टोके दिसत होती. ती हलत नव्हती.

"पुन्हा कधी येऊ?" राजाने विचारले.

"मी बोलावीन तेव्हा."

"बरे," राजा म्हणाला. "पालखी वळवा रे."

जोड्यांची टोके फिरली. भोयांची पावले गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होती, मग येईनाशी झाली. भागूने पदराने तळवे पुसले, चटईवर पुन्हा अंग टाकले, आणि रानाची काळजी सोडून ती चांगली दिवेलागणीपर्यंत झोपली.