फांदीखालची तुती

त्या मुलखात फळ खाण्याआधी हाक मारायची रीत होती. ज्या पाखराला पिकलेलं फळ दिसेल त्यानं फळाशेजारी बसायचं, चोच लावायची नाही आणि मोकळ्या गळ्यानं हाक द्यायची. कुणीतरी ‘ओ’ दिली की मगच पहिला घास. ओ आली नाही, तर भूक मारून बसून राहायचं. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण ती मोडल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं.

गुंजी नावाची एक बुलबुल त्या मुलखात राहायची. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल डाग, आणि गळा असा खणखणीत की तिची हाक टेकडीपलीकडे जायची. त्यामुळे थव्यात तिला मान होता. थव्याचं बिऱ्हाड माळावरच्या जुन्या बाभळीवर, आणि तिथं प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली. गुंजीची फांदी सगळ्यांत खालची. तिच्या शेजारच्या, जरा वरच्या बेचक्यात तिची भावजय सुरंगी आपल्या पिल्लाला घेऊन बसे. पिल्लाचं नाव ठिपक्या. आत्याच्या अंगावर धडपडल्याशिवाय त्याला झोप यायची नाही.

त्या वर्षी मुलूख करपला. करवंदीच्या जाळ्यांत काटे तेवढे उरले, उंबरं हिरवीच गळाली. हाका बंद पडल्या, कारण हाक मारावी असं कुठं काही नव्हतंच.

नाही कसं? एके ठिकाणी होतं. एका घराच्या मागच्या बागेत तुतीचं झाड होतं, आणि भांडी घासलेलं पाणी थेट त्याच्या मुळाशी जायचं. दुष्काळ पडलाय हे त्या झाडाला जणू कुणी कळवलंच नव्हतं. गुंजी दमून तिथं टेकली आणि बघते तर काय, काळ्याभोर तुतींनी फांद्या वाकलेल्या! ती रीतीप्रमाणं फळाशेजारी बसली. तुरा ताठ केला, गळा फुगवला. तेवढ्यात खिडकीतून बाईचा आवाज आला.

“अहो, हळूच इकडे या. बुलबुल आलीय. एकटीच आहे, कशी शहाण्यासारखी बसलीय बघा.”

“थवा नाही ना मागं?” पुरुषाचा आवाज म्हणाला. “नाहीतर झाडावर जाळं टाकावं लागेल.”

हाक गळ्यातच राहिली. गुंजीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि एक तुती गिळली. मग दुसरी. मग मोजायचं भानच राहिलं नाही.

परतताना तिनं मनाशी हिशेब जुळवला. आज नको, उद्या हाक मारू. आधी फळ बाधत तर नाही ना, ते बघू. शिवाय थवा आला की जाळं पडणार, म्हणजे कुणालाच काही नाही. त्यापेक्षा एकीचं तरी पोट भरलेलं काय वाईट? पोटात घास असला की शहाणपण कसं भराभर सुचतं! बाभळीवर बसण्याआधी तिनं खरखरीत सालीवर चोच घासघासून जांभळा डाग पुसला.

मग ते रोजचंच झालं. खिडकीतली माणसं चहाचे कप घेऊन तिची वाट बघू लागली. “आली बघा आपली,” असं बाई म्हणायची आणि तिच्यासाठी पाण्याची वाटीही ठेवायची. ‘आपली’ हा शब्द गुंजीला तुतीहून गोड लागायचा, खोटं कशाला बोला? ती अगदी देखणी मान वळवून खायची. संध्याकाळी चोच पुसून मुकाट आपल्या फांदीवर येऊन बसायची.

“वन्सं,” सुरंगी एकदा म्हणाली, “तुमची पिसं कशी तुकतुकीत राहिलीत हो!”

“अगं, आमच्या घराण्याचं अंगच तसं,” गुंजी बोलून गेली.

सुरंगीनं बेचक्यातल्या ठिपक्याकडे पाहिलं. त्याची मान आता धरत नव्हती. “हाही तुमच्याच घराण्यातला आहे ना,” ती हळूच म्हणाली. “वन्सं, तुम्ही लांबवर जाता. कुठं काही दिसलं तर हाक माराल ना?”

“म्हणजे काय वहिनी! न मारून कसं चालेल?”

त्या रात्री गुंजीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तिनं सगळ्यांत मोठी तुती तोडली, चोचीत धरली आणि ठिपक्यासाठी बाभळीकडे निघाली. बाभूळ दिसू लागली आणि तिचे पंख जड झाले. कुठून आणलीस म्हणून विचारलं तर? इतके दिवस कुठं होतीस म्हणून विचारलं तर? माळाच्या कडेला एका दगडावर ती बराच वेळ बसली. मग तिनं ती तुती गिळली आणि दगडावर चोच पुसली.

ठिपक्या दुसऱ्या दिवशी बेचक्यातून खाली पडला आणि पुन्हा हलला नाही. सुरंगी रडली, थवा रडला. गुंजी सगळ्यांहून मोठ्यानं रडली आणि आपलाच आवाज ऐकून तिला स्वतःची किळस आली.

पुढं पाऊस झाला, मुलूख हिरवा झाला, हाका पुन्हा सुरू झाल्या. झालं ते कुणालाच कळलं नाही, म्हणून गुंजीनं सुटकेचा श्वास टाकला.

पण बाभळीखाली रोपं उगवली. साऱ्या माळावर तुतीचं पान नव्हतं, आणि इथं मात्र दाटीवाटीनं, हात धरून उभी राहिल्यासारखी तुतीची रोपं! इतर कुणाच्या फांदीखाली एकही नाही. सगळी गुंजीच्या फांदीखाली, तिच्या बसायच्या जागेच्या बरोबर खाली. चोच पुसता येते हो, पण पोटातून जे खाली पडतं त्याला पुसणार कसं?

येता-जाता पाखरं खाली बघायची, मग गुंजीकडे बघायची, मग दुसरीकडे. त्यापेक्षा सगळ्यांनी टोचून काढलं असतं तर बरं, असं तिला वाटायचं. दुपारी सगळी बाहेर गेल्यावर ती खाली उतरली आणि रोपं उपटू लागली. काही निघाली. उरलेल्यांना ती झोंबत राहिली, चोचीतून रक्त आलं तरी. वर पाहिलं तर बेचक्यात सुरंगी बसलेली.

“राहू द्या वन्सं,” ती म्हणाली. “पुढच्यांना होतील.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं गुंजीला. त्या दिवसापासून तिनं कुणाला हाक मारली नाही, की कुणाच्या हाकेला ओ दिली नाही. कुठल्या तोंडानं देणार?

रोपांतल्या एकाचं झाड झालं. त्याचा शेंडा गुंजीच्या फांदीला येऊन टेकला आणि एका उन्हाळ्यात, पुन्हा सगळं करपलेलं असताना, त्याला तुती लगडल्या. थवा गोळा झाला. सुरंगीची नवी पिल्लं बेचक्यात चोची वासून बसली होती. सुरंगी पहिल्या पिकल्या फळाशेजारी बसली आणि तिनं हाक दिली.

ओ आली नाही.

तिनं पुन्हा हाक दिली. कुणालाही ओ देता आली असती. सारा थवा तिथंच होता, भुकेला होता. पण सगळ्यांनी माना वळवून सर्वांत खालच्या फांदीकडे पाहिलं. पिल्लांनी चोची मिटल्या नाहीत. फळाला कुणी शिवलं नाही.

गुंजीनं मान खाली घातली. मग वर केली. ज्या गळ्याची टेकडीपलीकडे ख्याती होती, त्यातून एक चिरका, फुटका आवाज आला.

“ओ.”

सुरंगीनं ती तुती तोडली. पिल्लांना दिली नाही, स्वतः खाल्ली नाही. बेचक्याच्या कडेला जिथं ठिपक्या बसायचा तिथं नेऊन ठेवली. मग थवा खाऊ लागला. त्या एका फळाचा रस हळूहळू ओघळत गुंजीच्या फांदीवर आला, तिच्या पायांपर्यंत आला, आणि गुंजी तिथंच बसून राहिली. तिनं तो पुसला नाही.