बाटलीतल्या लवंगांचा चोर

“चोरी! माझ्या बाटलीतल्या लवंगा चोरीला गेल्या!”

टाकळदऱ्याचे राजे भुजंगराव महाराज भर दरबारात असे काही कडाडले, की दिवाणजींची पगडी कानावर आली.

झालं होतं असं. संस्थानातल्या नदीवर पूल बांधायला कॅनडाचा एक साहेब आला होता. जाताना त्यानं महाराजांना आपल्या मुलखातल्या राय व्हिस्कीची पेटी भेट दिली. राय म्हणजे मोहरी नव्हे बरं का! ते कडाक्याच्या थंडीत पिकणारं, गव्हाच्या भाऊबंदांतलं धान्य. साहेब डोळे मिटून म्हणाला, “महाराज, हिच्यात लवंग सापडेल, मिरी सापडेल, दालचिनी सापडेल, आणि शेवटी खरपूस भाजलेला पावसुद्धा!”

साहेब गेला आणि महाराजांनी पेला भरून घेतला. चिमटीत नाक घट्ट धरलं आणि घटाघट रिकामा केला! लहानपणी दाईनं नाक दाबून एरंडेल पाजलेलं. तेव्हापासून बाटलीतून जे येईल ते महाराज असंच प्यायचे. आणि राजानं नाक धरलं म्हटल्यावर दरबार मागे राहतोय थोडाच! सगळ्यांनी नाकं धरली, सगळ्यांनी पेले रिचवले, सगळ्यांचे घसे भाजले.

“लवंग लागली का?”

“नाही महाराज!”

“मिरी?”

“छे छे!”

“आणि तो पाव?”

“चुरासुद्धा नाही!” दिवाणजींनी साक्ष दिली.

झालं! आळ आला ठमाबाईवर. महाराजांचं पाणी, ताक, सरबत सांभाळायचं काम तिचं, आणि साहेबाची पेटीही तिच्याच ताब्यात. बाई कामाला वाघ, आणि जीभ विचारूच नका.

“ठमे, लवंगा कुठं लपवल्यास?”

“अहो महाराज, बाटल्यांवरची लाखसुद्धा फुटलेली नव्हती! बंद बाटलीतून लवंग काढायला मी काय भूतबीत आहे?”

“बघा, किती बेरकी चोरी!” दिवाणजी म्हणाले.

महाराजांनी मांडीवर थाप मारली. “उद्या जेवायच्या वेळेपर्यंत एका बंद बाटलीत लवंग, मिरी, दालचिनी आणि पाव परत आला पाहिजे. बूच काढायचं नाही, लाख फोडायची नाही! नाही जमलं, तर चोराचं तोंड काळं करून गाढवावरून धिंड! हा माझा शब्द!”

इकडे ठमाबाईच्या दारात मांडव पडलेला. चार दिवसांवर लेकीचं लग्न. लेकीची वरात निघायच्या आधी आईचीच निघाली, तर व्याही मांडवात पाऊल तरी टाकतील का? बाई घरी गेली, डोळे पुसले, पुन्हा पुन्हा तो पेला आठवला, तो दरबार आठवला. आणि एकदम खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली, तेव्हा एका हातात बंद बाटली होती आणि डोक्यावर आंब्यांची पाटी. आंबे महाराजांच्या बागेतलेच, शेप्या जातीचे! चोखायला घेतला की शेपूच्या भाजीसारखा घमघमाट. महाराजांचा जीव होता त्या आंब्यावर.

“लवंगा आणल्यास का?”

“आणल्यात, महाराज, आणि चोरही आणलाय. पण फार लाजाळू आहे हो! तुम्ही आंबा खाल्लात तरच बाहेर येईल. काल पेला घेतलात ना, तस्साच खायचा. नाक धरून!”

महाराजांना गंमत वाटली. त्यांनी डाव्या हातात आंबा घेतला, उजव्या हाताच्या चिमटीत नाक धरलं आणि चोखला. पुन्हा चोखला. चेहरा एवढासा झाला.

“अगं, शेपू कुठाय?” महाराज नाकातून ओरडले. “हा नुसता गोडमिट्ट चिखल आहे! ठमे, आता माझ्या आंब्यावरही हात मारलास?”

“माझे हात पदरात आहेत, महाराज! सोडा बघू चिमटी.”

महाराजांनी चिमटी सोडली. “आली! शेपू आली!”

“धरा.”

“गेली!”

“सोडा.”

“आली की गं!”

मग काय विचारता! पाटीतले आंबे भराभर वाटले गेले, आणि सगळा दरबार नाकं धरून “गेली!” आणि सोडून “आली!” असा गलका करायला लागला.

ठमाबाईनं कमरेवर हात ठेवले. “महाराज, चोर रंगेहाथ सापडला! तुमचा हा अंगठा आणि हे त्याच्या शेजारचं बोट. कालच्या लवंगा यांनीच पळवल्या! आता ही बाटली बघा, लाख जशीच्या तशी आहे. सगळा माल आत परत आलाय. उघडा आणि चाखा. पण घटाघट नको, आंबा चोखता तशी. आणि चोरांना लांब ठेवा!”

बाटली उघडली. महाराजांनी उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं एक घोट घेतला. आधी ठसका लागला. मग भुवया वर गेल्या.

“मिरी आहे! अरे, ही लवंग! दालचिनीही आली! आणि... आणि पाव! कडेला जरासा करपलेला!”

“पण महाराज, शिक्षेचं काय?” दिवाणजी म्हणाले. “तुम्ही शब्द दिला होता.”

“खरंच की!” ठमाबाई म्हणाली. “काजळी मी आणते. पण बोटं बिचारी एकटी गाढवावर कशी बसायची? ज्याची बोटं, त्यालाच बसावं लागेल ना?”

सगळा दरबार खाली बघून आंब्याच्या कोयी चोखायला लागला. कुणी मान वर करेना. आणि महाराज असे हसले, असे हसले, की आंब्याचा रस मिशीवरून दाढीवर ओघळला.

त्यांनी गुन्हेगार बोटातली पाचूची अंगठी उपसली. “चोराच्या बोटात सोनं शोभत नाही. घे ठमे! आणि लेकीची वरात माझ्या हत्तीवरून काढ!”

ठमाबाईला रडू आवरेना आणि हसूही आवरेना.

“राहता राहिलं गाढव,” महाराज म्हणाले. “ते फुकट कशाला घालवायचं? दिवाणजी, काल साक्ष दिलीत, पण पिताना तुमचीही चिमटी नाकावरच होती ना? चढा! आणि हे बघा, गाढवाचा कितीही वास आला, तरी नाक धरायचं नाही!”