मधला आकडा धरणारा गोंदाजी

एका गावात गोंदाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा असं आपलं गाव म्हणायचं. त्याच्या बायकोकडे, भामाबाईकडे, याहून नेमका शब्द होता.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आणि घरात एकच खोली. भामाबाई म्हणाली, "अहो, शेजारी एक खोली उठवा. विटा किती लागतील ते आधी विचारून या. तेवढं तरी जमेल ना?"

गोंदाजी येसू गवंड्याकडे गेला.

येसू म्हणाला, "पाच घरी विचार, खोलीला किती विटा लागल्या. मधला आकडा धर."

गोंदाजी निघाला. चार घरी आकडाच नव्हता. पाचव्या घरी आढ्याला तीन लोखंडी आकडे होते. मधला धरून तो दिवेलागणीपर्यंत लोंबकळला.

येसू म्हणाला, "अरे गोंद्या, आकडा म्हणजे विटांचा! आणि खोल्या सारख्या बघ. एक वाडा नि एक खुराडं, असं नको."

दुसऱ्या दिवशी गोंदाजी शेजारच्या सखूच्या घरी पाच वेळा गेला. तिच्या खोलीसारखी खोली तिचीच, दुसरी कुठली असणार? सखूने चारदा सांगितलं, "चार हजार." पाचव्यांदा ओरडली, "लाख! जा आता!"

येसूने कपाळ धरलं. "चार जुळतात, एक वेगळा पडतो. वेगळा पडेल तो सोडून द्यायचा. चार हजार धर. फुटतूट होते, म्हणून वर दोनशे धर."

गोंदाजीच्या डोक्यावर दोनशे विटा काही मावेनात. नऊच धरल्या. मान आठ दिवस वाकडी.

मग येसू परगावी कामाला गेला. भामाबाई लेकीला आणायला गेली. गोंदाजीने मान सरळ केली आणि काम काढलं. वीट रचता यायची त्याला. त्यात डोकं लागत नाही, असं त्याचं मत होतं. भिंती आतून उभारल्या, खिडक्यांना गज बसवले, पत्रेही आतूनच ठोकले.

मायलेकी बैलगाडीतून आल्या. सखूही बघायला आली. लेकीचे दिवस भरलेले. भामाबाईने खोलीला तीन फेऱ्या मारल्या.

"अहो, दार कुठंय?"

गजांआडून गोंदाजी म्हणाला, "चार खिडक्या, एक दार. दार वेगळं पडलं. सोडून दिलं."

"पोरगी आत कशी येणार? आणि तुम्ही बाहेर कसे येणार?"

गोंदाजीने गजांतून बोट काढून माणसं मोजली. तू, पोरगी, गाडीवान, सखू.

"तुम्ही चौघं बाहेर, मी एकटा आत," तो म्हणाला. "मी वेगळा पडलो. आता मलाच सोडून द्या."

भामाबाईने त्याला तिथंच सोडून दिलं. लेक सखूच्या खोलीत बाळंत झाली.