एका नावाची दोन पानं

“मग चूक मॅक्रोची म्हणायची, की माझी?” मकरंदने विचारलं.

केवलस्वामी गोळ्यांची पाकिटं वेगळी करत बसले होते. 

सातपुड्यातल्या त्या आश्रमात क्षयाच्या रुग्णांना सहा महिने औषध मिळे. प्रत्येकाचं पान स्वामी हाताने आखत. नाव, पाडा, तारखांचे रकाने. मकरंद शहरातली संगणकाची नोकरी सोडून त्यांच्यापाशी शिकायला आला, त्याला हे बघवेना. त्याने एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहिला. बटण दाबलं, की यादीतल्या प्रत्येक नावाची वेगळी शीट आपोआप तयार. कुणाच्या गोळ्या चुकल्या, तर त्याची शीट लाल व्हायची आणि आश्रमातलं कुणीतरी त्याच्या घरी जायचं.

एकशे चाळीस पानं, एका मिनिटात.

“तुमची आठ दिवसांची आखणी वाचवली,” त्या दिवशी तो म्हणाला होता. स्वामी नुसते हसले होते.

यादीत वेस्ता पावरा नावाचे दोघं होते.

“एका फाईलमध्ये एकाच नावाच्या दोन शीट बसत नाहीत,” मकरंद आता सांगत होता. “मॅक्रो तिथे अडला. मला घाई होती. मी त्यात एक ओळ घातली... अडलं तर सोड, पुढे जा.”

“आणि तो पुढे गेला.”

“हो.”

दुसऱ्या वेस्ताची शीट झालीच नाही. दोन महिने तो येऊन गोळ्या नेत होता, त्याच्या नोंदी पहिल्या वेस्ताच्याच शीटवर पडत होत्या. मग बरं वाटलं म्हणून यायचा थांबला. संगणकावर काही लाल झालं नाही. त्याच्या घरी कुणी गेलं नाही. परवा पाड्यावरून निरोप आला, वेस्ता गेला.

मकरंदला त्याचा चेहराही आठवत नव्हता. तेच त्याला जास्त लागलं होतं.

“मी मॅक्रो पुसून टाकतो,” तो म्हणाला. “यापुढे तुमच्यासारखं हाताने लिहीन.”

“हाताने लिहिताना माझ्याकडून तिघं सुटले,” स्वामी म्हणाले.

मकरंद त्यांच्याकडे बघत राहिला.

“तुम्ही कधी बोलला नाहीत...”

“तू विचारलं नाहीस. किती दिवस लागतात, एवढंच विचारलंस.”



मग स्वामींनी पाकिटं बाजूला सारली. लॅपटॉप उचलला आणि मकरंदच्या मांडीवर ठेवला.

“वेस्ताचं पान कर.”

“आता? आता त्याचा काय उपयोग, स्वामीजी?”

स्वामींनी लॅपटॉपचं झाकण उघडलं.

मकरंदने नवी शीट उघडली. नाव टाईप केलं. संगणकाने ते घेतलं नाही, हे नाव आधीच आहे म्हणाला. त्याने पुन्हा टाईप केलं. पुन्हा तेच.

नावापुढे दोनचा आकडा लावला असता तर भागलं असतं. त्याचं बोट त्या आकड्यापर्यंत गेलं... पण दाबवेना.

“काय लिहू?” त्याने विचारलं.

स्वामींनी खिडकीतून वर, डोंगराकडे बोट केलं.

“त्याची आई वरच्या पाड्यावर असते. ती त्याला काय म्हणून हाक मारायची, विचारून ये.”