बांड्याला कुणी विचारलं नाही

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा जनावरांना माणसांसारखी वाचा होती. फक्त एक दंडक होता. माणसाने विचारल्याशिवाय जनावराने माणसाशी बोलायचं नाही. तो दंडक कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नाही, पण जनावरांनी तो कसोशीने पाळला. माणसांनी मात्र हळूहळू विचारायचंच सोडून दिलं आणि जनावरं मुकीच असतात असा आपला समज करून घेतला.

त्या काळी काळ्या मातीच्या एका मुलखात एक कासार राहत होता. त्याच्याकडे बांड्या आणि हरण्या अशी बैलांची जोडी होती. हरण्या शांत. पुढ्यात वैरण पडली की त्याचं जगाशी काही भांडण उरत नसे. बांड्याचं तसं नव्हतं. त्याला सगळं दिसायचं, सगळं कळायचं आणि बोलता काहीच यायचं नाही. त्यामुळे तो बाराही महिने वैतागलेला असे.

दरवर्षी देवीच्या जत्रेआधी कासार नदीपलीकडच्या राज्यात जाई आणि काचेच्या बांगड्या गाडीत भरून आणी. जत्रेत त्या विकायच्या आणि त्यावर वर्ष काढायचं. त्या वर्षी तो निघाला तेव्हा कासारीण उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "बांगड्या आणा. दुसरं काही आणू नका."

"दुसरं काय आणणार मी?" कासार म्हणाला.

बांड्याने हरण्याकडे पाहिलं. कासारासोबत त्याचा मेव्हणाही गाडीत बसला होता. पुढे काय होणार याचा अंदाज बांड्याला तिथेच आला.

पलीकडच्या बाजारात बांगड्या घेऊन झाल्या. पेंढ्यात गुंडाळून, टोपल्यांत रचून झाल्या. आता सरळ घरी यायचं ना? पण बाजाराच्या टोकाला गाड्या विकायला उभ्या होत्या आणि त्यांत एक लाल गाडी होती. तिला पितळी फुलं ठोकलेली, वर छत, बसायला गादी आणि जुवाला घुंगुरमाळा. कासाराची पावलं तिथेच थबकली.

त्याची स्वतःची गाडी बाभळीची होती, गावच्या सुताराने केलेली. तिचा रंग कधीच उडाला होता. पण ती कधी वाटेत बसली नव्हती आणि कुरकुरली तर तेल मागण्यापुरतीच.

गाडीचा व्यापारी गोड बोलणारा होता. "तुमच्याकडचा सुतार अशा गाडीला दुप्पट घेईल," तो म्हणाला. "शिवाय तुमची ही जुनी मी पदरात घेतो. तेवढं कमी द्या."

"आणि नाक्यावर काही कर वगैरे?" कासाराने विचारलं.

"छे हो! किरकोळ असतं ते."

"दाजी, अशी गाडी आपल्या पंचक्रोशीत नाही," मेव्हणा म्हणाला. "डोळे झाकून घ्या."

कासाराने खरोखरच डोळे झाकले. मुहूर्त कसा आहे ते त्याने एका जोशीबुवांना विचारलं. लाल रंग लवकर विटतो का, ते रंगाऱ्याला विचारलं. रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी माणसालाही थांबवलं आणि गाडी कशी दिसते ते विचारलं. तो भला माणूस "झकास" म्हणून निघून गेला.

बांड्या मात्र गाडीच्या चाकांकडे बघत होता. दोन चाकांमधलं अंतर नेहमीपेक्षा चांगलं हातभर जास्त होतं. पलीकडच्या राज्यात रस्ते मुरमाचे आणि सपाट, तिथे गाडी कितीही रुंद असली तरी चालते. पण कासाराच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या गाड्या जाऊन काळ्या मातीत गुडघाभर खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि उन्हाने त्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या. तिथला प्रत्येक सुतार त्या चाकोऱ्यांच्या मापाने गाडी करी. ही गाडी त्यांत बसणार नव्हती. हे कळायला जोशीबुवा लागत नव्हते, नुसतं खाली बघायला हवं होतं.

बांड्याने फुरफुर केलं. खुराने माती उकरली. मान जोरजोरात हलवून नको, नको म्हटलं.

"बघा दाजी," मेव्हणा म्हणाला, "बैलसुद्धा कसा माना डोलावतोय!"

बैलाला कपाळावर हात मारता येत नाही, नाहीतर बांड्याने तो मारून घेतला असता.

मग एकदा, एकदाच, कासार त्याच्याकडे वळला. "काय रे बांड्या..." एवढं बोलला. बांड्याने तोंड उघडलं. इतक्यात व्यापाऱ्याने घुंगुरमाळा खळखळ वाजवल्या आणि कासार गर्रकन तिकडे फिरला. अर्धा प्रश्न हा प्रश्न धरायचा की नाही, याचा बांड्या विचार करेपर्यंत व्यवहार होऊन गेला.

लाल गाडीत टोपल्या चढल्या, बैल जुंपले गेले आणि मंडळी नदी ओलांडून नाक्यावर आली.

नाक्यावर जकातदार बाजेवर बसला होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि कर सांगितला. ऐकून कासार ओरडला.

"अहो, एवढ्याची तर गाडीसुद्धा नाही!"

"गाडी केवढ्याची ते तू सांगायचं नाही, आम्ही ठरवायचं," जकातदार म्हणाला. "परराज्यातली गाडी, तिचा कर वेगळा. पितळेचा वेगळा. छताचा वेगळा. आणि रुंद गाडी जास्त रस्ता अडवते, म्हणून रुंदीचा वेगळा."

"पण तो व्यापारी म्हणाला, किरकोळ असतं म्हणून."

"मग त्याच्याचकडे भर. तो घेत असेल तर."

"आणि नाही भरला तर?" कासाराने रडवेल्या आवाजात विचारलं.

"मग दोन वाटा आहेत. गाडी इथे सोड आणि घरी जा, कर माफ. नाहीतर गाडी ने आणि करापोटी काहीतरी ठेवून जा. जत्रा उठेपर्यंत पैसे आण आणि ते सोडवून ने. नाही आलास तर त्याचा लिलाव."

"हे सगळं आधी नाही का सांगायचं?" कासार चिडून म्हणाला.

"तू परवा इथूनच पलीकडे गेलास. मी इथेच, याच बाजेवर बसलो होतो. विचारलंस?"

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे आता कासाराला कळलं होतं. शहाण्याने तिथेच गाडी सोडली असती. पण लाल गाडी उन्हात चमकत होती, मेव्हणा कानाशी "गावात तोंड कसं दाखवणार, दाजी?" म्हणत होता आणि कासाराची बुद्धी फिरली. त्याने जुवाखालून हरण्याला सोडलं आणि जकातदाराच्या हाती त्याचा कासरा दिला.

बांड्याला क्षणभर काही कळेचना. गाडीसाठी बैल? मग गाडी ओढायची कुणी, पितळी फुलांनी? तो आणि हरण्या गोऱ्हे होते तेव्हापासून एका जुवाखाली चालत आले होते. एकाने ठेच खाल्ली तर दुसऱ्याची मान दुखायची. आणि आता तोच हरण्या नाक्याच्या खुंट्याला बांधलेला होता आणि वळून बघत होता.

"मी येतो रे," बांड्या त्याला म्हणाला. बैलाने बैलाशी बोलायला बंदी नव्हती.

"तू येशील," हरण्या म्हणाला. "पण आणणार कोण तुला?"

बांड्याला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं.

आता जुवाची दुसरी बाजू रिकामी होती. कासाराने मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याला त्याच क्षणी आठवलं की जवळच्याच गावात त्याची आत्या आजारी आहे. तो धोतराचा सोगा सावरत जो निघाला, तो वळूनही न बघता गेला. शेवटी कासाराने पागोटं काढून खांद्यावर घडी घातली आणि स्वतःची मान जुवाखाली दिली.

नदीकाठची रेताड वाट कशीबशी सरली. मग काळी माती लागली. डावं चाक चाकोरीत उतरलं आणि उजवं दुसऱ्या चाकोरीबाहेरच्या उंचवट्यावर चढलं. गाडी तिरकी झाली. कासाराने सगळा जोर लावला. जू मानेत रुतलं, घामाच्या धारा लागल्या आणि लाल गाडी एका अंगावर कलंडत, हिसके खात थोडी थोडी सरकू लागली. आयुष्यभर गाडी चालवलेल्या त्या माणसाला रस्ता कसा असतो हे पहिल्यांदाच कळत होतं.

"उजवं चाक खाली का जात नाही?" तो पुटपुटला. हा प्रश्न त्याने चाकाला विचारला होता, म्हणून बांड्याने दात आवळून तोंड मिटून घेतलं.

पुढे एक खड्डा आला. गाडीने अंग टाकलं, टोपल्या घसरल्या आणि खाली आल्या. आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या दिवशी रस्त्यावर जवळजवळ गाडीभर बांगड्या वाढल्या.

हिरव्या आणि लाल काचांच्या त्या राशीसमोर कासार मटकन खाली बसला. बांगड्या गेल्या म्हणजे जत्रा गेली. जत्रा गेली म्हणजे पैसा गेला आणि पैसा नाही म्हणजे हरण्या गेला. डोकं गच्च धरून तो ओरडला, "आता मी काय करू रे?"

बांड्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हणजे चिटपाखरू होतं, बाभळीवर एक कावळा होता.

"हे मला विचारलं का?" बांड्याने त्याला विचारलं.

"रे म्हणाला ना? इथे दुसरं कोण आहे? बोल की लवकर!" कावळाही वैतागला होता.

मग बांड्याने तोंड उघडलं.

"गाडी परत न्या आणि हरण्याला आणा!" तो गरजला. "काय करू म्हणे! बाजारात विचारलं असतंत तर सांगितलं असतं. रंग कसला बघता, मालक? चाकं बघा! आपल्या चाकोरीत बसतात का ते बघा! ही वाटेत मोडली तर नीट करायला त्या व्यापाऱ्याला नदी ओलांडून बोलावणार होतात? आणि कराचं म्हणाल, तर दरवर्षी आपण त्या नाक्यावर थांबतो. तुम्ही चिलीम ओढता, आम्ही उभे असतो. परराज्यातली गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण तिथे रडताना मी ऐकलाय. प्रत्येक जण! आणि स्वस्त पडली म्हणून चालती गाडी मोडीत घातलीत, तिने काय घोडं मारलं होतं तुमचं?"

कासाराचा आ वासलेला तसाच राहिला. "तू... तू बोलतोस?"

"विचारलं तर."

"मग आजवर का नाही बोललास?"

"आजवर विचारलं कुणी?"

कासाराला जकातदाराची बाज आठवली. एकाच दिवसात हे उत्तर त्याला दुसऱ्यांदा मिळत होतं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "पण गाडी सोडून आलो तर लोक हसतील रे."

"हसतील," बांड्या म्हणाला. "हसू द्या. लोक गाडी ओढायला येत नाहीत, मालक. तुमचा मेव्हणासुद्धा आला नाही."

कासार उठला. शाबूत राहिलेल्या बांगड्या त्याने पागोट्यात बांधल्या. मग पुन्हा मान जुवाखाली दिली आणि बैल-माणसाची ती जोडी लाल गाडी ओढत मागे वळली.

जकातदाराने गाडी ठेवून घेतली आणि हरण्याचा कासरा सोडला. बांड्याने धावत जाऊन त्याच्या मानेला मान घासली.

"आणलं कुणी तुला?" हरण्याने विचारलं.

"मालकांनी. त्यांनी मला विचारलं."

हरण्याच्या तोंडातला घास खाली पडला.

ते निघाले तेव्हा नाक्यावर लाल गाडीचा लिलाव लागला होता. लोक पितळी फुलांवरून हात फिरवत होते, गादी दाबून बघत होते आणि रंग विटेल का ते एकमेकांना विचारत होते. कडेला त्यांचे बैल रांगेने उभे होते आणि सगळे खाली चाकांकडे बघत होते. त्यांतल्या एकालाही कुणी काही विचारलं नाही. बांड्या ते बघून जो वैतागला, तो घर येईपर्यंत वैतागलेलाच होता.

दारात कासारीण उभी होती. नवरा, दोन बैल आणि खांद्यावरचं बोचकं एवढंच तिने पाहिलं. "गाडी कुठाय?" तिने विचारलं.

कासाराने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या वर्षी घरात दोन वेळची भाकर जेमतेम पुरली आणि गाव हसायचं ते पोटभर हसलं. पण दोन्ही बैल दावणीला होते. पुढच्या हंगामापर्यंत कासाराने त्यांच्या पाठीवरून थोड्या थोड्या बांगड्या आणून विकल्या आणि चार पैसे जमल्यावर तो गावच्या सुताराकडे गेला.

"गाडी कशी हवी?" सुताराने विचारलं.

कासाराने बैलांना पुढे आणलं आणि म्हणाला, "यांना विचारा."

बांड्या बोलायला लागला तो दिवस मावळला तरी बोलतच होता.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, गाडी घेण्याआधी ती कुठल्या रस्त्याने जाणार ते बघावं, तिचा कर विचारावा, आणि जो ती ओढणार आहे त्याला तर सगळ्यांत आधी विचारावं.