नदीकडचा वारा

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणजोबांचाही पत्ता नव्हता तेव्हा, नदीकाठी एका ओळीत वसलेलं एक गाव होतं. माणसं वाईट नव्हती हो. म्हणूनच ही गोष्ट सांगताना मला अजून राग येतो.

त्या गावात पोरं वयात आली की जत्रेत त्यांच्या हातावर गोंदत. गोंदणारीण एकच, तिची सुईही एकच. ती सुई धुतली तर तिचा गुण जातो, असा गावाचा समज. एका वर्षी त्या सुईतून एक दुखणं गावात आलं. वर्षानुवर्षं काही कळायचंच नाही. मग धडधाकट माणूस आतून वाळत जायचा.

डोंगरावर एक वैद्य राहत असे. त्याने येऊन गावाला नीट समजावलं. "हे दुखणं रक्तात राहतं. सुई दर वेळी उकळून घ्या. नवरा-बायकोच्या संगतीतूनही ते जातं, तेव्हा जपा. पण आजाऱ्याला शिवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने, एका पाणवठ्यावर पाणी भरल्याने ते कुणाला होत नाही."

शेवटचं वाक्य कुणाच्या कानात शिरलं असेल तर शपथ! पहिल्यांदा कुंभारीण आजारी पडली. गावाने तिच्या दारावर कोळशाची रेघ ओढली आणि तिला पाणवठा बंद केला. कोळसा हातात घेऊन सगळ्यांत पुढे होती ठकूबाई. "लेकीबाळींचं गाव आहे आमचं!" ती ओरडली. कुंभारीण गाव सोडून गेली. तिचं पुढे काय झालं, कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढच्याच वर्षी ठकूबाईची एकुलती एक लेक गोजरा वाळायला लागली.

ठकूबाई सरपणाचं निमित्त करून डोंगर चढली आणि वैद्यासमोर ढसाढसा रडली. वैद्याने तिला एका झाडाची साल दिली. "रोज सकाळी ताजा काढा करून पाज. दुखणं मरणार नाही, पण निजून राहील. पोरीचं लग्न होईल, ती म्हातारीही होईल. मात्र जन्मभर रोज, एकही दिवस चुकवायचा नाही. चुकवलास तर दुखणं जागं होईल, आणि मग त्याला या सालीची भीती उरणार नाही."

"देवासारखे भेटलात," ठकूबाई म्हणाली.

पण त्या सालीला उकळताना असा उग्र वास यायचा की आळीभर पसरावा. वारा नदीकडून गावात येत असला की ठकूबाईचा हात चुलीपाशीच थांबे. वास शेजारी गेला तर? दारावर रेघ आली तर? म्हणून वारा गावाकडून नदीकडे वाहील त्याच दिवशी ती काढा करी. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा.

"आई, आज काढा नाही?" गोजरा विचारी.

"वारा फिरू दे गं, बाळा."

गोजरा रिकामी वाटी परत फळीवर ठेवी. आईला काय सांगणार बिचारी!

पावसाळा सरला तशी ती अंथरुणाला खिळली. घाबरून ठकूबाई रोज काढा करू लागली, दारं-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून. आता काढा पोटात जाई, पण गुण येईना. एका सकाळी गोजराने आईचा हात धरला आणि तो हातातच राहिला.

तिसऱ्या दिवशी ठकूबाई लेकीची राख घेऊन नदीवर गेली. वारा गावाकडून आला, आणि ती जागच्या जागी थबकली. तोच वास! तिची चूल तर तीन दिवस पेटली नव्हती.

"कुणाकडचा रे हा?" तिने काठावरच्या नावाड्याला विचारलं.

"कुणाकडचा म्हणजे? साऱ्या गावाचा," नावाडी म्हणाला. "वारा इकडे फिरला की घराघरांतून हाच वास येतो. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल."

राख तशीच पदरात धरून ठकूबाई गावात धावली. तिने दारामागून दार ठोठावलं. "अगं, रोज करा गं काढा! वारा बघू नका! माझी पोर गेली गं!"

दारं किलकिली झाली. प्रत्येक दारातून एकच उत्तर आलं, "आमच्याकडे कुणी आजारी नाही हो, ठकूबाई." आणि दारं लागली.

तिने चुलीतला कोळसा घेतला आणि स्वतःच्या दारावर आपल्या हाताने रेघ ओढली. तिला वाटलं, हे बघून तरी कुणी धीट होईल. कोणी झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा पाणवठा बंद झाला.

काही वर्षांत गावातल्या चुली एकेक करून विझल्या. मग वारा नदीकडे वाहिला तरी नावाड्याला कसलाच वास येईना. त्याने नाव पैलतीरी नेली, ती परत आणली नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: ज्या गावात आजाऱ्याला आपलं औषध लपवावं लागतं, त्या गावाला औषध असूनही मरण येतं.