पुसू का?

वऱ्हाडातल्या एका गावात शेवंताबाई मशीनवर भरतकाम करत असे. तिच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर ती नक्षी काढायची आणि मशीन ती नक्षी कापडावर उतरवायचं. बाजारात तयार नक्ष्या मिळतात, पण त्या सगळ्यांकडे असतात. शेवंताबाईच्या नक्ष्या तिच्या स्वतःच्या डोक्यातून निघाल्या होत्या. ज्वारीचं कणीस, बाभळीचं पिवळं फूल, तळ्यावर उतरलेली बगळ्यांची ओळ. एकेक टाका तिने पडद्यावर ठिपक्याठिपक्याने बसवला होता. आता तिचे डोळे अधू झाले होते. काढून ठेवलेलं भरता येई, नवं काढता येत नसे. जे होतं ते सगळं त्या कॉम्प्युटरात होतं.

पुढे जुनं मशीन मोडलं आणि तिने नवं घेतलं. नवं मशीन नव्या सिस्टिमशिवाय चालेना, आणि नक्ष्यांचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमशिवाय उघडेना. तालुक्याला कॉम्प्युटरचे क्लास घेणारे श्रीरंग सर म्हणाले, "त्यात काय! एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही सिस्टिम बसतात. सुरू करताना हवी ती निवडायची."

शेवंताबाईने त्यांना एकच गोष्ट बजावली. "सर, जुन्याले हात लावू नका. त्याच्या बाजूले नवं बसवा."

"काळजीच करू नका, काकू," असं म्हणून सर कॉम्प्युटर घेऊन गेले.

क्लासमध्ये सगळ्यांसमोर सरांनी पेनड्राइव्ह लावला. नवी सिस्टिम काही बसेना. जागा नाही, असा संदेश आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. खरं तर अडचण क्षुल्लक होती. शेवंताबाई काम झालं की कॉम्प्युटर बंद करत नसे, नुसता झोपवून ठेवत असे. झोपलेल्या माणसाला न उठवता त्याची खाट सरकवता येत नाही, तसंच हे होतं. जुनी सिस्टिम उघडून नीट बंद केली असती, तर बाजूची जागा मोकळी करून घेता आली असती. पण ती उघडायला पासवर्ड हवा होता, आणि तो फक्त शेवंताबाईला ठाऊक होता. पासवर्ड मागायचा म्हणजे आपलं अडलं हे कबूल करायचं. ते सरांच्या जिवावर आलं.

पडद्यावर दुसरा मार्ग तयारच होता: सगळं पुसून नवं बसवायचं का?

आता सरांनी फोन लावला. परवानगी मागण्यात कमीपणा नव्हता, आणि उद्या काही झालं तर बोट दाखवायला ती उपयोगी पडणार होती. शेवंताबाई लग्नघरी होती. मागे बँड वाजत होता.

"काकू, पुसू का?" सर म्हणाले.

"पुसा ना सर, पुसाले काय लागते!"

सरांनी तत्काळ फोन ठेवला आणि बटण दाबलं.

वऱ्हाडात विचारण्याला पुसणं म्हणतात. सरांना काहीतरी विचारायचं आहे, असं समजून शेवंताबाई फोन कानाला लावून उभी राहिली. "हॅलो, पुसा ना," असं ती कट झालेल्या फोनमध्ये बोलत होती. तिकडे कणीस, फूल आणि बगळे गेले होते. पुसलेलं कधीकधी परत मिळतं, पण त्यासाठी त्या जागेवर दुसरं काही न बसवता हात आवरावा लागतो. सरांनी तेवढंही केलं नाही. त्याच जागेवर त्यांनी आधी जुनी सिस्टिम कोरी बसवली, मग नवी बसवली. दोन्ही सुरू झाल्या तेव्हा त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली.

कॉम्प्युटर घरी आणून सर म्हणाले, "बघा काकू, दोन्ही नावं दिसतात!"

शेवंताबाईने जुनं नाव निवडलं. आत काही नव्हतं. तिने पडद्याला डोळे टेकवून पाहिलं. "सर, माह्या नक्ष्या कोठी हाय?"

सरांचा चेहरा पडला, पण जीभ तयार होती. "मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हीच हो म्हणालात."

"तुमी पुसू का म्हन्लं. मी पुसा म्हन्लं. मंग पुसलं काऊन नाही?"

शेजारीपाजारी जमले. त्यांना सगळा प्रकार कळला तेव्हा काहींना हसू आलं. शब्दाचा घोटाळा झाला, गैरसमज झाला, सोडून द्या, असं ते म्हणू लागले. गैरसमज! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. नुकसान एकाचं होतं आणि गैरसमज मात्र दोघांच्या नावावर मांडला जातो. जुन्याला हात लावू नका, हे त्या बाईने आधीच सांगितलं नव्हतं का? मग नक्ष्या पुसू का, असा पुरा प्रश्न का विचारला नाही? पुरा विचारला असता तर नकार आला असता, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर फोन इतक्या घाईने ठेवला.

शेवंताबाई रडली नाही, ओरडली नाही. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून सरांनी तिथलं फडकं उचललं आणि पडद्यावरची धूळ पुसायला गेले. तिने त्यांचा हात धरला.

"राहू द्या, सर. हे बी पुसाचं असन त आंधी मले पुसा."

तात्पर्य: दुसऱ्याचं काही पुसण्याआधी, काय पुसणार ते पुरतं सांगून त्याला पुसावं. अर्धवट विचारून मिळवलेला होकार म्हणजे होकार नव्हे, ती चोरी आहे.